वासोट्याला जाण्यापूर्वी

सातारा

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत वासोटा किल्ल्यावर जाण्याचा तुझा बेत कळला. पावसाळ्यात ही वाट बंद असते, त्यामुळे काळ योग्य निवडला आहेस. मात्र तुझ्या आराखड्यात निघण्याची वेळ आहे, परतीची नाही, आणि माझ्या मते आखणी तिथूनच सुरू व्हायला हवी. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथे वनखात्याचा परवाना, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तास लाँचने पायथ्याचे मेट इंदवली आणि पुढे गडाची चढण, असा हा क्रम आहे. गड ज्यात येतो ते कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि आत मुक्कामाला परवानगी नाही. तेव्हा अंधारापूर्वी बामणोलीला पोहोचायचे तर गड किती वाजता सोडावा लागेल, हे आधी लिही आणि तेथून मागे मोजत ये. या हिशेबात गडाजवळची नागेश्वराची गुहा बसत नसेल, तर ती खुशाल वगळ. कोकणातल्या चोरवणे गावाकडूनही तिथे जाता येते.

वाचलेला वेळ गडावरच्या बाबूकड्यावर घालव. लोक एवढी पायपीट करून येतात आणि फोटो काढून लगेच माघारी वळतात, हे मला कधीच उमगलेले नाही. घोड्याच्या नालेच्या आकारात वळलेल्या त्या कड्यावरच्या आडव्या रेघा नीट पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याचे ते थर आहेत. त्यांतले कठीण थर ताशीव भिंतींसारखे उभे राहिले, तर ठिसूळ थर झिजून तिथे माती धरली आणि गवत-झुडपे रुजली. हे सारे बसूनच पाहावे, कारण काठावर वाळल्या गवताखालचा मुरूम पायाखालून सहज निसटतो.

चढणीवर पाण्याचा भरवसा धरू नये. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ने. चौकीवर प्लास्टिक तपासतात, आणि ते योग्यच आहे. रानात गवा आडवा आला, तर जागीच थांबून त्याला जाऊ द्यावे. हाकारे घालण्याचा उत्साह सोबत्यांपैकी कुणी दाखवलाच, तर त्याला तिथल्या तिथे आवर.

लाँच ठरवताना परतीची वेळ नावाड्याला समक्ष सांग, कारण आत मोबाइलच्या रेंजवर विसंबून चालणार नाही.

तुझा हितचिंतक