ताण आला की पिणारा माणूस मनाने कमजोर असतो का?

'माझे यजमान एरवी दारूला शिवत नाहीत. परंतु साहेब टाकून बोलले किंवा घरात वाद झाला, की पिऊनच येतात. भावना आवरता न येणे आणि व्यसन यांचा खरोखर संबंध असतो, की ही नुसती मनाची कमजोरी आहे? अशा वेळी मी काय करावे?' असे तुम्ही विचारले आहे.

संबंध आहे आणि तो चांगलाच घट्ट आहे. मनाच्या कमजोरीचे स्पष्टीकरण मला मुळीच मान्य नाही. आमच्या घरात ते वर्षानुवर्षे ऐकवले गेले आणि त्याचा कोणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो आणि माझा थोरला भाऊ मशीद बंदरच्या एका गोदामात हिशेब लिहीत असे. वडील गेले तेव्हा त्याने सगळे विधी कोरड्या डोळ्यांनी पार पाडले आणि पोरगा किती खंबीर आहे म्हणून सगळ्या चाळीने त्याचे कौतुक केले. त्याचे पिणे वाढले ते त्यानंतर. मालक चारचौघांत बोलला, पगार थकला, आईचे दुखणे बळावले, की त्या संध्याकाळी दादा देशीच्या दुकानातून परतणार हे आम्हाला कळून चुकले होते. ज्या दिवशी असे काही घडत नसे, त्या दिवशी तो सरळ घरी येऊन जेवत असे. का प्यायलास असे विचारले, तर 'डोके तापले होते' किंवा 'छातीत भरून आले होते' याखेरीज त्याला काही सांगता येत नसे. अपमान झाला, भीती वाटली, वडिलांची आठवण आली, असे काही त्याच्या तोंडून कधी निघाले नाही.

आमचे मामा पंढरीचे वारकरी. त्यांनी दादाच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि काही महिने तो खरोखर प्यायला नाही. मग गोदामात माल कमी भरला आणि मालकाने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. मी मोरीत भांडी घासत होते. दादा घरात आला, कोणाशी अवाक्षर बोलला नाही, गळ्यातली माळ काढून त्याने विठोबाच्या तसबिरीला नीट अडकवली आणि मगच जिना उतरला. त्याच्यात निश्चयच नाही, असे मामा म्हणाले. ज्याला माळेची किंमत नसते, तो ती अशी जपून काढून ठेवत नाही, हे माझे तेव्हाही म्हणणे होते आणि आजही आहे. निश्चय होता, अंगावर आलेल्या अपमानाचे काय करायचे, हे मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि आयुष्यात त्याला सापडलेला एकमेव उपाय आम्ही शपथ घालून काढून घेतला होता.

एडवर्ड खांत्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1985 साली हेच मांडले होते, की पुष्कळ माणसे मौजेसाठी नव्हे, तर सोसवत नसलेल्या भावनांवर औषध म्हणून नशा करतात. दारू मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवते, त्यामुळे तासाभरात बरे वाटते आणि तेवढ्याने मेंदू तीच वाट धरायला शिकतो. पिणे नेमाचे झाले, की मेंदू उलट दिशेने जुळवून घेतो. मग दारू उतरल्यावर धडधड, चिडचिड आणि अस्वस्थता पूर्वीपेक्षा वाढते, आणि तो माणूस समजतो की आज आपल्याला ताणच जास्त आहे. भावना आवरता येणे म्हणजे त्या गिळून टाकणे, असे आपल्याकडे मानतात. खरे तर काय वाटते आहे हे ओळखता येणे, ते वाटू देणे आणि तशा अवस्थेतही अविचाराने काही न करणे, एवढे सगळे त्यात येते.

पुढे महापालिकेच्या एका रुग्णालयात मनोविकार विभागात दादाचे उपचार सुरू झाले. गोळ्या होत्याच, पण तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला एक वही करायला सांगितली: काय घडले, शरीरात कुठे जाणवले, काय वाटले. पहिल्या पानांवर तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'डोके गरम' एवढेच आहे. बऱ्याच पानांनंतर एके ठिकाणी लिहिले आहे, 'मालकाने हाक मारली. भीती वाटली.' त्या दिवशी तो प्यायला नव्हता.

तुमच्या यजमानांना व्यसनी म्हणावे की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. मी ते इथून सांगू शकत नाही. प्रत्येक पिणाऱ्यामागे हेच कारण असते असेही नाही. आनुवंशिकता आणि संगत यांचाही वाटा असतो, आणि माळ घालून कायमचे सुटलेले लोकही मी पाहिले आहेत. तुमचे यजमान रोज पिऊ लागले असतील, तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायला लावू नका, कारण त्यात फिट येऊन जिवावर बेतू शकते. ते हात उचलत असतील, तर त्यांना सोसत नाही म्हणून तुम्ही सोसायचे, असा याचा अर्थ मुळीच नाही. आधी स्वतःची आणि मुलांची सोय पाहा. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. त्यांची तयारी नसेल, तर तुम्ही एकट्या फोन करा.

मामा आजही सांगतात की भाचा माळेमुळे सुधारला. माळ त्याच्या गळ्यात पुन्हा आहे, हे खरे. पण वही भरू लागल्यानंतर त्याने ती आपण होऊन, पंढरपूरला जाऊन घातली. हा क्रम मी मामांना दर आषाढीला ऐकवते, आणि तुमच्या घरात कोणी शपथेवर भागवू पाहत असेल, तर त्यांनाही तो जरूर ऐकवा.