‘लघवी सुटते’, पण नेमकी कधी सुटते?

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. चार बाळंतपणं, चारही घरीच. दोन वर्षांपासून त्यांची लघवी सुटते. भरताच्या मिरच्या भाजताना ठसका लागला की लुगडं ओलं होतं. रात्री परसातल्या संडासापर्यंत जाता जाताही होऊन जाते. बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. यंदा कानबाईच्या रोटांना भाऊबंदांकडे गेल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणाल्या. पाणी पिणं जवळजवळ सोडलंय. मेडिकलवाल्याने लघवी रोखायची गोळी दिली आहे, सुरू करू का? मी हे पत्र लिहिलंय ते त्यांना माहीत नाही.
– एक सून, चोपडा तालुका

उत्तर : ताई, ती गोळी अजून सुरू करू नका.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत अशाच एका मावशींना मी तसली गोळी लिहून दिली होती. सारखी थोडी थोडी गळते, एवढंच त्यांनी सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही. चौथ्या दिवशी मुलगा त्यांना रिक्षात घालून घेऊन आला. ओटीपोट टम्म, लघवी पूर्ण अडलेली. शुगरने नसा मंदावल्यामुळे त्यांची लघवीची पिशवी रिकामीच होत नव्हती, भरून वरून सांडत होती. माझ्या गोळीने तिचा उरलासुरला जोरही गेला. नळी घालताना त्या माझा हात धरून ‘काय सांगू व माय’ एवढंच म्हणत होत्या. तेव्हापासून लघवी कधी सुटते हे नीट कळल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. ठसका, शिंक, पाण्याची कळशी उचलणं, अशा वेळी पोटावर दाब येतो आणि बाळंतपणांनी सैलावलेले खालचे स्नायू तो पेलत नाहीत. रात्रीची तऱ्हा वेगळी आहे. तिथे पिशवी अवेळी आवळते, कळ येते आणि धीरच निघत नाही. या वयात दोन्ही एकत्र असणं नेहमीचं. पण बारा वर्षांची शुगर आहे, म्हणून माझ्या त्या मावशींसारखं भरून सांडत नाही ना, हे आधी पाहायला हवं. शिवाय दुखरे गुडघे, अंधारं परस आणि लुगड्याचा घोळ. कधी कधी पिशवी धड असते, संडासच लांब पडतो. खाटेजवळ कमोडची खुर्ची आजच ठेवा.

आता तीन दिवस एक काम करा. तीन वाट्या मांडा आणि तुरीचे दाणे घ्या. लघवीला गेल्या की पहिल्या वाटीत दाणा, खोकल्या-शिंकेवर सुटली तर दुसरीत, घाईत वाटेवर झाली तर तिसरीत. रात्रीचे दाणे वेगळे ठेवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही हा हिशेब चोख ठेवतात, आणि मला त्यातून जे कळतं ते महागड्या तपासणीतूनही पुष्कळदा कळत नाही.

गोळ्यांची पाकिटंही बघा. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि प्रत्येक खोकल्याला लघवी सुटते. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असतील तर रात्रीच्या फेऱ्या वाढणारच. मनाने मात्र काही बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून बदला. शुगर चढलेली असली तरी लघवी जास्त होते. आणि पाणी तोडू नका! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. पाणी कमी पडलं की लघवी गडद होऊन पिशवीला झोंबते, वर बद्धकोष्ठही होतो. दोन्हींनी हा त्रास वाढतो. संध्याकाळनंतरचा चहा तेवढा कमी करा.

दवाखान्यात आम्ही भरल्या पिशवीवर खोकायला सांगतो. खोकल्याबरोबरच थेंब आले तर दाबाची, काही क्षणांनी धार लागली तर घाईची. अंग बाहेर येतं का, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आहे का, तेही बघतो. लघवीची तपासणी होते. मग लघवी करून लगेच सोनोग्राफी : आत 50 मिलीपेक्षा कमी उरली तर पिशवी नीट रिकामी होते, 200 च्या वर उरली तर ती गोळी नकोच.

दाबाची असो की घाईची, पहिला उपाय व्यायामाचा. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आठ वेळा आवळून सोडायचे, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. गोळी त्यानंतर. त्यातही ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती मंदावू शकते, म्हणून मी त्या टाळते.

लघवीतून रक्त, थंडी-ताप, लघवी पूर्ण बंद, किंवा पायांतली ताकद अचानक जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाईंकडे विषय काढायचा तर चारचौघांत नको. डोक्याला तेल लावून देताना काढा. ‘माझ्या ओळखीच्या एका मावशींनाही होतं’ म्हणा, खोटं होणार नाही, आताच तर तुम्ही त्यांच्याबद्दल वाचलंत. बरोबर गोळ्यांची पिशवी, दाण्यांचा हिशेब आणि एक कोरडं लुगडं घ्या. आणि निघताना त्यांना लघवी करून येऊ देऊ नका.