घरबांधणी – प्रश्न वाचकांचे : वॉशिंग मशीन माडीवर, झोपायच्या खोलीशेजारी?

प्रश्न : आम्ही अनगोळ येथे दुमजली घर बांधत आहोत. काम जोत्यापर्यंत आले आहे. सासूबाई सोडून सर्वांच्या झोपायच्या खोल्या माडीवर असल्यामुळे वॉशिंग मशीनची लहान खोलीही माडीवर, दोन बेडरूमच्या मधोमध दाखवली आहे. माझे यजमान उद्यमबागेतील फाउंड्रीत पाळीने काम करतात, त्यामुळे कित्येक दिवस ते दिवसा झोपतात. मशीनच्या आवाजाने त्यांची झोपमोड होईल, म्हणून ते परड्यातच ठेवावे, असे धाकटे दीर म्हणतात. भिंत जाड केली तर भागेल का? – एक वाचक भगिनी, अनगोळ

उत्तर : जागेची निवड चुकलेली नाही. मळके कपडे जिथे निघतात आणि धुतलेले जिथे कपाटात जातात, ती जागा माडीच आहे. वाळत घालायची गच्चीही तिथून जवळ. सात किलो सुके कपडे मशीनने पिळून दिल्यावरही दहा-अकरा किलो भरतात, आणि ती बादली परड्यातून दोन जिने वर रोज कोण नेणार, याचा विचार आपल्या दिरांनी केलेला दिसत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस पत्र्याखालच्या मशीनला कोरडे राहू देत नाही.

भिंतीचा प्रश्न मात्र वेगळ्या बाजूने पाहावा लागेल. मशीनचा आवाज दोन वाटांनी येतो : एक हवेतून, दुसरा स्लॅबमधून. कपडे पिळताना मशीनजवळ साधारण ७० ते ७५ डेसिबल आवाज होतो, आणि झोपायच्या खोलीत रात्री तो ३० डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते. म्हणजे हवेतून येणाऱ्या आवाजाला ती पुरेशी आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या जाड भिंतीलाही, सांधे नीट भरून गिलावा केला असेल तर, भिण्याचे कारण नाही. खरी गळती असते ती दारातून. बाजारातील पोकळ फ्लश दार जेमतेम २० डेसिबल अडवते आणि त्याच्या खाली बोटभर फट ठेवली की तेवढेही नाही. तेव्हा जाड भिंतीसाठी काढून ठेवलेले पैसे भरीव दारावर, चौकटीच्या रबरी पट्टीवर आणि उंबऱ्यावर खर्च करावेत. त्या खोलीचे दार बेडरूमच्या दारासमोर येणार नाही, हेही पाहावे. हवा खेळण्यासाठी दाराला झडपा ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती इथे टाळून बाहेरच्या भिंतीला खिडकी द्यावी.

स्लॅबमधून जाणाऱ्या थरथरीला भिंतीची जाडी अडवत नाही. मिनिटाला १२०० फेऱ्यांनी पिळणारे यंत्र सेकंदाला २० हिसके देते, आणि घरगुती स्लॅबची स्वतःची कंपने बहुधा याच्या आसपासची असतात. दोन्ही जुळली की कपाटातील भांडीसुद्धा वाजू लागतात. स्लॅब मध्यभागी सर्वांत जास्त हलतो आणि भिंतीवर किंवा तुळईवर टेकलेल्या कडेला सर्वांत कमी. म्हणून मशीन खोलीच्या मध्यावर न ठेवता, जिच्याखाली तळमजल्याची भिंत किंवा तुळई येते अशा कोपऱ्यात ठेवावे. आपला आराखडा मला दिसत नसला तरी ‘दोन बेडरूमच्या मधोमध’ हे शब्द खटकतात. शक्य असल्यास एका बाजूला बाथरूम घ्यावे, म्हणजे सांडपाण्याचा नळ एकच होईल, आणि दुसऱ्या बाजूला बेडरूमच्या भिंतीशी पूर्ण उंचीचे कपाट. यजमानांच्या पलंगाचे डोके मात्र कोणत्याही परिस्थितीत त्या सामाईक भिंतीला लागू देऊ नये.

आता पाण्याविषयी, कारण माडीवरची मशीन रुसते ती बहुधा याच कारणाने. अनेक मशीनना किमान तीन मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब लागतो. टाकी गच्चीवर नुसती टेकवलेली असेल, तर माडीवर तो मिळत नाही. पाणी भरायला वेळ लागतो किंवा यंत्र मध्येच थांबते. त्यावर लोक प्रेशर पंप बसवतात आणि मग पंपाचा आवाज! त्यापेक्षा टाकीचा कट्टा आताच उंच धरावा. नळी भिंतीला क्लॅम्पने पक्की बांधावी, नाहीतर मशीनमधली पाण्याची झडप झटकन बंद होताच नळी भिंतीवर ‘ठक्क’ असा आवाज करते, आणि तो मोटारीच्या गुरगुरीपेक्षा जास्त जागवतो.

प्रश्न : टिळकवाडीतील आमच्या फ्लॅटमध्ये मशीन बेडरूमला लागून असलेल्या गॅलरीत आहे. पिळताना ते जागेवरून सरकते. दुकानदाराने चाकांचा स्टँड दिला, त्यानंतर त्रास वाढला. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज तक्रार करतात. – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : स्टँड आजच काढावा. चाकांवर उभे केलेले, हिसके देणारे यंत्र स्थिर कसे राहील, हे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. मशीन नवे असेल तर मागच्या बाजूचे, वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढले आहेत का, ते पाहावे. ते राहून गेल्यास ड्रम त्याच्या स्प्रिंगवर तरंगत नाही आणि सारा धक्का सांगाड्याला बसतो. गॅलरीची फरशी पाणी जाण्यासाठी उताराची असते, त्यामुळे चारही पाय तिथे आपोआप समपातळीत येत नाहीत. पाणसळ वर ठेवून पाय फिरवावेत, नंतर प्रत्येक पायाची चकती घट्ट करावी, आणि मशीन व भिंत यांच्यात चार बोटांचे अंतर सोडावे.

भिंतीबाहेर झुकलेली गॅलरी टोकाला सर्वांत जास्त हलते. मशीन भिंतीच्या बाजूला सरकवले तर काकूंना लगेच फरक जाणवेल. एकटी सोलापुरी चादर किंवा एकच जाड वाकळ पिळायला लावू नये, ती एका बाजूला गोळा होते. फेऱ्या १२०० वरून ८०० वर आणल्या तर असमतोलाचा जोर निम्म्याहून कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कपडे थोडे ओले राहतील, एवढेच. जाड रबराच्या वाट्यांनी थोडा फरक पडतो, पण मऊ स्पंजावर ठेवलेले मशीन उलट जास्त डोलते. हे सर्व करूनही वेगाबरोबर वाढणारी घरघर राहिली, तर बेअरिंग गेले आहे असे समजून मेकॅनिकला बोलवावे. तोवर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मशीन लावू नये. देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्र याच वेळेची धरलेली आहे.

प्रश्न : खानापुरात पावसाळ्यात कपडे वाळतच नाहीत. वॉशिंग मशीनच्याच खोलीत ड्रायर बसवावा का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : अवश्य, पण गरम दमट हवा नळीने बाहेर सोडणारा घेतल्यास ती नळी थेट बाहेरच्या भिंतीतून काढावी, खोलीतच सोडली तर भिंतींना बुरशी येईल. नळी काढणे शक्य नसल्यास पाणी टाकीत साठवणारा ड्रायर घ्यावा. ड्रायर मशीनच्या डोक्यावर ठेवायचा असेल तर दोन्ही एकमेकांना जखडणारी चौकट त्याच कंपनीकडून घ्यावी, नाहीतर पिळताना वरचा डबा खालच्याच्या तालावर डोलू लागेल.