निळी जिन, पण चव कुठे गेली?

प्रश्न : आमच्या बाल्कनीत गोकर्णाचा वेल नुसता लगडलाय. ती रंग बदलणारी निळी जिन घरी करून बघितली, रंग एकदम भारी आला पण फुलाचा वास शून्य, उलट थोडी गवतासारखी लागली. शनिवारी दीर-जाऊ येणारेत, त्यांना द्यायची आहे. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, गोकर्णाला मुळात वासच नसतो हो, ते फूल फक्त डोळ्यांसाठी. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराजवळ 2017 पासून एम्प्रेस 1908 नावाची निळी जिन निघते, तिचाही निळा रंग याच फुलाचा, पण चवीला तिच्यात जुनिपर (जिनला तिची ओळखीची चव देणारं फळ) आणि बाकीचा मसाला असतो. त्यामुळे रंग गोकर्णाकडून घ्यायचा आणि वास दुसऱ्या फुलाकडून, एवढं ठरवलं की काम सोपं.

गवताची चव बहुतेक फुलाच्या बुडाशी जी हिरवी टोपी असते तिच्यामुळे आली असणार, किंवा फुलं रात्रभर जिनमध्ये राहिली असतील. टोपी खुडून टाका, नुसत्या पाकळ्या घ्या, एका क्वार्टरला म्हणजे 180 मिलीला दहा-बारा ताजी फुलं पुरतात, उकळायची काही गरज नाही. पाकळ्या फिकट पडायला लागल्या आणि जिन शाईसारखी दिसली की गाळून टाका, तास-दोन तास खूप झाले. जिन साधी लंडन ड्राय (म्हणजे गोड न केलेली) घ्या, गोव्यात बनणारी 'ग्रेटर दॅन' नावाची चालेल, फार महागडी नको, तिची नाजूक चव लिंबात कळणारच नाहीये.

आता ग्लास. आधी ग्लासभर बर्फ, त्यावर 15 मिली लिंबाचा रस, 15 मिली साखरेचा पाक (साखर आणि पाणी समसमान) आणि गुलाबपाणी अर्धा चमचा, तेही खाण्याचं, चेहऱ्याला लावायचं नाही. मग टॉनिक वॉटर (कडसर सोडा) ग्लास अर्ध्याच्या वर भरेल इतकं, आणि सगळ्यात शेवटी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू निळी जिन 45 ते 60 मिली. साखरेचं पाणी जड, जिन हलकी, म्हणून ती वर तरंगते, आणि जिथे खालच्या लिंबाला लागते तिथे जांभळी पट्टी उठते, ढवळलं की सगळं गुलाबी. फुलातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबट लागलं की रंग बदलतं, टॉनिकमध्येही सायट्रिक ॲसिड असतं म्हणून नुसत्या टॉनिकनेही जांभळं होतं. तेव्हा पाहुण्यांसमोरच ओता, किचनमध्ये मिसळून आणलंत तर मजा गेली.

बाहेरच्या रेसिपीत 'अर्धं लेमन' लिहिलेलं असतं ते मोठं पिवळं लिंबू, आपलं कागदी लिंबू अर्धं पिळून तेवढा रस येत नाही, म्हणून मोजूनच घाला. आणि बाटलीतलं लाल गुलाब सरबत नकोच, निळ्यात लाल पडून रंगाची वाट लागते आणि चव फालुद्याची.

(महाराष्ट्रात यासाठी वय 25 पूर्ण पाहिजे आणि परमिटही लागतं, घरी प्यायची असली तरी. लोक विसरतात म्हणून सांगितलं.)

प्रश्न : गजऱ्यातला मोगरा जिनमध्ये घातला तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मोगरा चालेल, गजरा नाही. बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते, ती खायला म्हणून वाढवलेली नसतातच. घरच्या कुंडीतला, औषध न मारलेला मोगरा असेल तर संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या खुडा, पाक करून पूर्ण गार होऊ द्या आणि मग त्यात कळ्या टाकून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. गरम पाकात टाकल्या तर मोगऱ्याचा तो वास उडतो आणि शिजवलेल्या पाल्यासारखं काहीतरी उरतं. चीनमधला जस्मिन टी पण याच मोगऱ्याचा, तिथेही रात्री उमलत्या कळ्या चहात मिसळून ठेवतात, उकळत नाहीत. वरच्या ग्लासात साध्या पाकाऐवजी हा पाक घालायचा, पण मग गुलाबपाणी बंद, दोन्ही एकत्र आले की अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं होतं.

आणि दिसायला छान म्हणून कण्हेर किंवा पिवळी बिट्टी ग्लासात सजावटीलाही टाकू नका, दोन्ही विषारी आहेत, हृदयावर परिणाम होतो. कुठलंही फूल ओळखू येत नसेल तर नकोच.

न पिणाऱ्यांसाठी गोकर्ण गार पाण्यात भिजवा, तोच पाक, तेच लिंबू, वर सोडा. रंग तसाच बदलतो, पोरंटोरं पण खूश.