योगेश्वरीचं दर्शन झाल्यावर अंबाजोगाईत अजून काय बघावं?

तुम्ही विचारलंय की कुलदेवतेच्या दर्शनाला पुण्याहून येतोय, एक मुक्काम आहे, देवळाशिवाय गावात बघण्यासारखं काही आहे का. मी इथलाच. कोकणस्थ मंडळी दर्शन घेतात, ओटी भरतात आणि दुपारच्या आत गाडी परतीला लावतात, हे लहानपणापासून बघतोय. प्रत्येक वेळी जीव हळहळतो. तेव्हा मुक्काम करताय हे फार चांगलं.

बालाघाटाच्या डोंगरात, जयंती नदीच्या काठी वसलेलं हे गाव. निजामाच्या काळात याचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे घोडदळाची छावणी होती. पण गाव त्याहून कितीतरी जुनं आहे.

आधी हत्तीखान्यात जा. शिवलेणी असंही म्हणतात. डोंगर कोरून केलेलं लेणं, समोर उघडं अंगण आणि अंगणात दगडाचे हत्ती. सोंडा झिजल्यात, अंग भंगलंय, तरी उभे आहेत. गावात कथा सांगतात ती अशी: देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. लहानपणी आम्ही त्या हत्तींवर चढून बसायचो. एप्रिलच्या दुपारी दगड असा पोळायचा की चड्डीतूनही चटका बसे. तुम्ही सकाळीच जा.

यादवकाळाची खूण म्हणजे खोलेश्वराचं देऊळ. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादव राजाचा सेनापती. त्याचा मुलगा राम लढाईत पडला, तेव्हा बहीण लक्ष्मीने भावाच्या आठवणीत इथे देऊळ बांधलं, असं शिलालेख सांगतो. बहिणीने भावासाठी ठेवलेली आठवण आठशे वर्षं दगडावर टिकली, मला या गावातलं सगळ्यात जास्त हलवून टाकणारं हेच वाटतं.

आता संतकवी दासोपंत (1551–1615). या माणसाने कागद पुरेना म्हणून की काय, पासोडीवर लिहिलं! साधारण 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड, त्यावर शाईने ‘पंचीकरण’ हा वेदांतावरचा ग्रंथ. पासोडी म्हणजे आपण थंडीत पांघरतो ते जाडंभरडं कापड. साध्या सुती कापडावर बोरूने दोन ओळी लिहून बघा, शाई कशी फुटते ते कळेल, मग त्या लांबीचा अंदाज येईल. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ही त्यांचाच. त्यांच्या समाधीवर जरूर जा. पासोडी बघायला मिळते का, ते दासोपंतांच्या देवघरात नम्रपणे विचारा.

मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज, त्यांची समाधी गावाबाहेर दरीत आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ ग्रंथ शके 1110 मधला, म्हणजे इसवी सन 1188. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. तो इथे लिहिला की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला, हा वाद अभ्यासकांचा आहे. मी इथला, मला विचाराल तर मी मुकुंदराज आमचेच म्हणणार. पायऱ्या उतरून खाली गेलात की गावाचा आवाज मागे राहतो. पावसाळ्यात आलात तर सगळी दरी हिरवीगार असते. घाई करू नका, तासभर तिथेच बसा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. स्वामी रामानंद तीर्थ 1935 पासून काही वर्षं इथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. निजामाविरुद्धच्या 1938 च्या सत्याग्रहात ते उतरले ते इथली शिक्षकी सोडून. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं, त्या लढ्याचे ते पुढारी. इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे.

गावात रेल्वे नाही. परळी वैजनाथला उतरा, तिथून रस्त्याने साधारण 25 किलोमीटर. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास येणार असाल तर देवीचा उत्सव असतो, गर्दी फार. खोली आधीच ठरवून ठेवा.