जवळ वीज पडल्यापासून डिशवर ‘सिग्नल नाही’ येतंय. बॉक्सचा दिवा मात्र पेटतो. बॉक्स गेला असेल की एलएनबी (छत्रीच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग)? नवा बॉक्स आणून लावू का?

नवा बॉक्स आत्ताच लावू नका. मी नेमकं तेच केलं होतं. वीज पडली, चित्र गेलं, म्हणून मेहुण्याचा चांगला चालणारा बॉक्स मागून आणला आणि त्याच केबलला जोडला. पाच मिनिटांत तोही मुका झाला. वर छत्रीवरचा एलएनबी आतून शॉर्ट झाला होता आणि मी काहीही न तपासता त्याला दुसरा बळी दिला होता. मेहुणा अजून टोमणे मारतो, ते वेगळंच.

आधी एक साधी गोष्ट बघा: ‘सिग्नल नाही’ हे कोण म्हणतंय, टीव्ही की बॉक्स? बॉक्सच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. मेनू दिसला तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता ठीक आहे, दोष वरच्या बाजूला शोधायचा. मेनूच आला नाही तर बॉक्सचा किंवा टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट गेला असण्याची शक्यता मोठी. विजेचा झटका केबलमधून बॉक्समध्ये शिरतो आणि एचडीएमआयमधून टीव्हीकडे निघतो, त्यामुळे हे पोर्ट फार वेळा जातात. टीव्हीचा दुसरा पोर्ट किंवा जुनी तीन रंगांच्या पिनांची एव्ही वायर लावून बघा. तुमच्याकडे बॉक्सचा दिवा पेटतो म्हणता, म्हणजे अडॅप्टर बहुधा वाचलाय.

मेनू दिसतोय असं धरून पुढे जातो. एलएनबीला वेगळी वीज नसते. बॉक्सच त्याच केबलमधून वर 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो आणि सिग्नल त्याच केबलमधून खाली येतो. 13 ला एक पोलरायझेशन (म्हणजे लहरींची दिशा, उभी किंवा आडवी), 18 ला दुसरं. म्हणून काही वेळा सगळं न जाता निम्मेच चॅनेल गायब होतात. तसं झालं असेल तर छत्री हलवत बसू नका, एक व्होल्टेज वर पोहोचत नाहीये किंवा एलएनबी ते ओळखत नाहीये. वीज थेट छत्रीवर पडावी लागते असंही नाही. जवळपास पडलेल्या विजेत हजारो अँपिअर वाहतात, आणि तेवढ्यानेही लांब केबलमध्ये आपोआप झटका तयार होतो.

आता मल्टीमीटर घ्या. साधा चालतो. शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास होईपर्यंत गच्चीवर जाऊ नका. बॉक्सचा प्लग नुसता बंद नको, सॉकेटमधून काढा. मग केबलची दोन्ही टोकं सोडवा. मधे सिग्नल वाटणारा स्विच किंवा स्प्लिटर असेल तर तोही बाजूला काढा, पुष्कळदा तोच जळालेला असतो. केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात ओहम मोजा: काहीच वाचन यायला नको. आलं तर केबल शॉर्ट आहे. मग एका टोकाला तार आणि जाळी तात्पुरती एकत्र करा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. वीस मीटर केबलला दोन-चार ओहम यावेत. खूप जास्त आले किंवा आलेच नाहीत तर तार तुटली आहे किंवा पिन गंजली आहे. जोडलेलं टोक आठवणीने सोडवा.

एलएनबीच्या पिनेवर तेच मोजा. शून्याच्या जवळ आलं तर तो गेला, आणि माझ्या मेहुण्याच्या बॉक्सचा मारेकरी हाच. इतर काही आकडा आला तर मात्र एलएनबी चांगला आहे असं सिद्ध होत नाही, फक्त शॉर्ट नाही एवढंच कळतं.

शॉर्ट कुठेच नसेल तरच बॉक्स चालू करा. केबल बॉक्सला जोडा, एलएनबीला नको. वरच्या टोकाला डीसी व्होल्ट मोजा, साधारण 13–14 किंवा 18–19 दिसायला हवेत आणि चॅनेल बदलताना एकावरून दुसऱ्यावर जायला हवेत. (एकाच केबलवर अनेक बॉक्स चालणारी जोडणी असेल तर हा हिशेब लागू नाही.) मोजताना प्रोबचं टोक घसरून तार आणि बाहेरचं धातूचं कडं एकत्र होऊ देऊ नका. बॉक्सचं संरक्षण सर्किट आधीच मेलं असेल तर तुम्हीच उरलेलं काम पूर्ण कराल. शून्य आलं तर बॉक्सच्या पोर्टवर थेट मोजा. तिथेही शून्य असेल, आणि मेनूत एलएनबी पॉवर चालू असेल, तर बॉक्स गेला. आता नवा आणा, खुशाल.

व्होल्टेज बरोबर असूनही चित्र नाही? बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या बघा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य, याचा अर्थ एलएनबी जिवंत आहे पण नुसता गोंगाट वाढवून खाली पाठवतोय. वादळात छत्री हलली असेल. साठ सेंटीमीटरची छत्री दोन-तीन अंश सरकली तरी उपग्रह हातचा जातो, काठाशी मोजलं तर ते जेमतेम एक-दीड सेंटीमीटर होतं. नटबोल्टच्या जुन्या खुणा बघा. छत्री जागच्या जागी असेल तर एलएनबी बदला. तो सगळ्यात स्वस्त भाग आहे, संशयाचा फायदा त्याला देऊ नका. केबलच्या दोन्ही पिना त्याच वेळी नव्या बसवा.

अर्थिंगबद्दल: छत्रीचा खांब आणि केबलची जाळी घराच्या अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडलेली असावी. जवळपास पडलेल्या विजेचा झटका त्याने बराच कमी होतो, थेट पडलेल्या विजेपासून बॉक्स मात्र वाचत नाही. त्यासाठी ढग दाटले की प्लगबरोबर केबलची पिनही बॉक्समधून काढून ठेवायची. बहुतेक जण फक्त प्लग काढतात आणि केबल तशीच ठेवतात.

केबलचे ओहम आणि वरच्या टोकाचे व्होल्ट एवढे दोन आकडे कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.