कोपेपॉड, जवळा आणि 'लघु' म्हणवणारी लांब शृंगिका

ऐरोलीच्या एका शिक्षिकेने प्रश्न पाठवला आहे. आठवी-नववीच्या मुलांना ठाणे खाडीचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे, आणि शेजारी कोपेपॉड या पाण्यातल्या बारीक कवचधारी (कोळंबी-खेकड्यांच्या गटातल्या) जीवाची मोठी आकृती काढून तिच्यावर मराठी नावे लिहायची, असा त्यांचा बेत आहे. नावे लिहायला बसल्यावर तीन ठिकाणी अडले. कोपेपॉडला 'जवळा' म्हटले तर मुलांना चटकन कळेल, पण ते बरोबर होईल का? अँटेन्यूल आणि अँटेना या दोन अवयवांसाठी त्यांना 'लघुशृंगिका' आणि 'शृंगिका' हे शब्द मिळाले, मुले मात्र दोन्हींना 'मिशा'च म्हणतात. मग काय लिहावे? आणि शरीराच्या दोन भागांना 'शिरोवक्ष' व 'उदर' म्हटलेले चालेल का?

ताई, जवळ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे घोटाळा झाला तर पुढची सगळी आकृतीच भलत्या प्राण्याची होईल. जवळा, काही ठिकाणी कोलीम, हा कोळंबीचा नातलग. शास्त्रीय नाव असेटीस. डोलीच्या जाळ्यात येतो, बाजारात वाट्याने विकला जातो, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवला जातो. लहान म्हटला तरी दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. कोपेपॉड बहुतेक अर्धा ते दोन मिलिमीटरचा. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा दिवाळे गावच्या मुलाला तुम्ही काचेवरचा तो ठिपका 'जवळा' म्हणून दाखवलात तर तो लगेच अडवेल, आणि त्याचेच बरोबर असेल.

फरक नुसत्या आकाराचा नाही. जवळ्याला देठावर बसलेले दोन संयुक्त डोळे असतात. कोपेपॉडला सहसा डोक्याच्या मधोमध एकच साधा, तांबूस ठिपक्यासारखा डोळा. जवळ्याच्या छातीवर ढालीसारखे कवच दोन्ही बाजूंनी खाली उतरते आणि त्याच्या आत कल्ले असतात. कोपेपॉडला तशी ढाल नाही आणि सहसा कल्लेही नाहीत, तो अंगातूनच श्वास घेतो. जवळ्याच्या पोटाखाली पोहण्याच्या पायांच्या जोड्या असतात. कोपेपॉडचे पोट पायांविना असते. दोघेही कवचधारी, एवढेच त्यांचे साम्य. त्यांचे खरे नाते ताटातले आहे: जवळ्याच्या खाण्यात कोपेपॉड असतात. मुलांना सांगायचेच तर 'जवळा ज्यावर जगतो त्यांतला एक जीव' असे सांगा. ते खरे आहे आणि लक्षातही राहते.

'जलपिसू' हा शब्दही टाळा. तो डॅफ्नियासाठी वापरला जातो आणि डॅफ्निया हा कवचधाऱ्यांच्या वेगळ्याच गटातला, मुख्यतः गोड्या पाण्यातला प्राणी आहे.

मग मराठी नाव कोणते? माझे मत स्पष्ट आहे: नाव 'कोपेपॉड' हेच ठेवावे आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ सांगावा. 'अरित्रपाद' हा संस्कृत घडणीचा शब्द हिंदी कोशांतून आला आहे. त्याची घडण चोख आहे, पण अरित्र म्हणजे वल्हे हे आधी शिकवावे लागते, मग पाद, मग प्राणी. त्यापेक्षा 'वल्ह्यासारख्या पायांचा' हे दोन शब्द मुलाला सरळ पोचतात. मूळ ग्रीक नावाचा अर्थ तोच आहे: वल्हे आणि पाय. एकोणिसाव्या शतकात आँरी मिल्न-एडवर्ड्‌स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने हे नाव रूढ केले. लिहिताना 'कोपेपोडा' हे गटाचे नाव आणि 'कोपेपॉड' हा त्या गटातला एक प्राणी, एवढा भेद पाळावा. मराठीत तो सहज पुल्लिंगी होतो: कोपेपॉड उडी मारतो, अनेक कोपेपॉड दिसले, कोपेपॉडांचे पाय.

मात्र वल्हे कोणते, हे आकृतीत नीट दाखवा, कारण इथे जवळजवळ प्रत्येकाची नजर फसते. चित्र पाहिले की डोक्यापासून दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब दांड्या दिसतात, आणि वाटते हीच ती वल्ही. त्या शृंगिका आहेत. वल्ही म्हणजे अंगाच्या खालच्या बाजूला, छातीखाली असलेले चपटे पाय. प्रत्येक जोडीतला डावा आणि उजवा पाय मध्ये एका आडव्या पट्टीने जोडलेला असतो, म्हणून दोन्ही पाय एकदमच मागे जातात. एक वल्हे पुढे आणि दुसरे मागे असे होऊच शकत नाही. ही पट्टी कोपेपॉडांची मोठी खूण आहे. आकृतीत एका जोडीपुरती तरी ती दाखवा आणि 'जोडपट्टी' असे लिहा. काही चाहूल लागली की शृंगिका अंगालगत मागे मिटतात, पायांच्या जोड्या मागून पुढे एकेक करून फटका मारतात आणि प्राणी दिसेनासा होतो. तेवढ्या क्षणापुरता त्याचा वेग सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट असतो. मुलांना नुसत्या भिंगातूनही ही झटक्याची चाल कळते. पेल्याच्या पाण्यात पांढरा कण सरळ तरंगत न जाता टुणकन जागा बदलतो, तो बहुधा कोपेपॉड.

आता दुसरा प्रश्न, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच.

'मिशा' हा शब्द बोलण्यात अगदी योग्य आहे. कोळंबीच्या मिशा म्हणतो, झुरळाच्या म्हणतो, तशाच या. अडचण अशी की कवचधाऱ्यांना मिशांच्या दोन जोड्या असतात आणि कोपेपॉड ओळखायचा तर दोन्ही वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. म्हणून आकृतीवर दोन नावे हवीत. 'लघुशृंगिका' हे अँटेन्यूलचे शब्दशः भाषांतर आहे आणि मूळ शब्दातली लघुता त्यात आली आहे. कोळंबीत ती शोभते, कारण तिची पहिली जोडी आखूड आणि दुसरी लांबलचक. कोपेपॉडात सगळे उलटे आहे. इथे पहिली जोडी लांब, काही जातींत शरीराहूनही लांब, आणि दुसरी आखूड, तोंडाजवळ दडलेली. म्हणजे आकृतीतल्या सगळ्यांत लांब अवयवाकडे बाण काढून तुम्ही 'लघु' लिहिणार. मुले गोंधळतील आणि त्यांना त्यात दोष देता येणार नाही.

म्हणून 'पहिली शृंगिका' आणि 'दुसरी शृंगिका' असे लिहा. हे क्रमाचे शब्द आहेत, लांबीचे नाहीत. डोक्यावर पुढून मोजले की कोणत्याही कवचधाऱ्यात खरे ठरतात. शास्त्रज्ञांच्या आकृत्यांतही ए-१, ए-२ असेच लिहितात, त्यामुळे पुढे इंग्रजी पुस्तक हाती आले तरी मूल अडत नाही. 'स्पर्शिका' मात्र नको. तो शब्द हायड्रा, गोगलगाय यांच्या मऊ अवयवांसाठी राहू द्या. शिवाय स्पर्शिका म्हटले की तिचे काम स्पर्शाचे असे ठरून जाते, आणि कोपेपॉडची दुसरी शृंगिका इतरही बरीच कामे करते. ती आणि तोंडाभोवतीचे अवयव सतत हलून पाण्याचा प्रवाह तयार करतात. त्यातून अन्नाचे कण तोंडाकडे येतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला, म्हणजे नॉप्लियस डिंभाला, अवयवांच्या तीनच जोड्या असतात: दोन शृंगिकांच्या आणि एक जंभाची, म्हणजे जबड्याची. तो त्यांनीच पोहतो. शृंगिका तिथे पायाचे काम करते. खाडीच्या पाण्यात तुम्हाला हे डिंभही भेटतील. ते प्रौढासारखे मुळीच दिसत नाहीत. अठराव्या शतकात ओ. एफ. म्युलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने त्यांना स्वतंत्र प्रजाती (जीनस) समजून नॉप्लियस हे नाव दिले होते. नॉप्लियसच्या सहा अवस्था, मग कोपेपोडिडच्या, म्हणजे प्रौढासारख्या दिसू लागलेल्या पिल्लाच्या, पाच, आणि शेवटची कात टाकली की प्रौढ.

पहिल्या शृंगिकेवर एवढा भर देण्याचे कारण ओळखीचे आहे. खाडीच्या नमुन्यात मुक्त पोहणारे जे कोपेपॉड मिळतील त्यांचे तीन मोठे गट आहेत, आणि पहिली शृंगिका पाहिली की गटाचा अंदाज बहुतेक वेळा येतो. कॅलॅनॉइडांची लांब, वीस-पंचवीस खंडांची, शरीराच्या मागच्या टोकापर्यंत किंवा पुढे जाणारी. सायक्लोपॉइडांची मध्यम, साधारण शरीराच्या पुढच्या भागाच्या लांबीइतकी. हार्पॅक्टिकॉइडांची अगदी आखूड, बहुधा दहाहून कमी खंडांची. त्यांचे शरीरही दंडगोल, पुढून मागे जवळजवळ सारख्या जाडीचे, कारण त्यातले बरेचसे गाळात आणि शेवाळात राहतात. दुसरी शृंगिका मग खात्री करून देते: कॅलॅनॉइडांत तिला दोन शाखा असतात, सायक्लोपॉइडांत एकच उरते. मादीजवळ अंड्यांच्या पिशव्या दिसल्या तर आणखी सोपे. सायक्लोपॉइड मादीच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी लोंबते. कॅलॅनॉइड मादी एक पिशवी बाळगते किंवा अंडी थेट पाण्यात सोडते. कॅलॅनॉइडांच्या अनेक कुळांत नराची उजवी पहिली शृंगिका मध्ये गुडघ्यासारखी दुमडते, मादीला पकडण्यासाठी. सायक्लोपॉइड आणि हार्पॅक्टिकॉइड नरांत बहुधा दोन्ही बाजूंच्या दुमडतात. 'दुमडणारी शृंगिका' असे साधेच लिहा. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवायची गरज नाही.

सायक्लोपॉइड या नावावरून जुन्या पिढीच्या वाचकांना नारू आठवेल. पायाच्या कातडीतून दोऱ्यासारखा जंत बाहेर येणारा तो रोग ज्या सायक्लॉप्समुळे पसरे, तो गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. पायविहिरीचे पाणी फडक्याने गाळून प्यावे असे जे सांगितले जाई, ते त्याला अडवण्यासाठी. फडक्याच्या विणीत तो अडकतो, इतका तो मोठा आहे. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली आढळला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांत होता, म्हणजे मराठी माणसाची कोपेपॉडाशी ओळख फार जुनी, फक्त नावानिशी नव्हती. मुलांना हे जरूर सांगा. खाडीच्या खाऱ्या पाण्यातल्या कोपेपॉडांचा नारूशी संबंध नाही हेही त्याच दमात सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: 'शिरोवक्ष' आणि 'उदर' हे शब्द या आकृतीत टाळावेत. कोपेपॉडचे शरीर एका सांध्यापाशी वाकते. त्याच्या पुढचा भाग रुंद, मागचा अरुंद. इंग्रजीत या भागांना प्रोसोम आणि यूरोसोम म्हणतात. हा सांधा छाती आणि पोट यांच्या सीमेवर असतो असे समजून आपण वक्ष-उदर लिहितो, पण तो गटागटाने जागा बदलतो. कॅलॅनॉइडांत तो पाचव्या पायाच्या खंडानंतर येतो. सायक्लोपॉइड आणि हार्पॅक्टिकॉइडांत तो चौथ्या आणि पाचव्या पायांच्या खंडांमध्ये, म्हणजे त्यांचा पाचवा पाय मागच्या भागात जातो. पाय असलेला, छातीचाच खंड मागच्या भागात मोजला गेला की त्या भागाला उदर कसे म्हणणार? जर्मन संशोधक गीसब्रेख्टने 1882 मध्ये याच सांध्यावरून कोपेपॉडांची विभागणी केली होती, इतका तो मोलाचा आहे. 'अग्रकाय' आणि 'पश्चकाय' हे शब्द मला योग्य वाटतात. जड वाटले तर 'पुढचा भाग', 'मागचा भाग' लिहा, त्यात काही कमी होत नाही. सांध्यावर मात्र ठळक बाण हवा. अगदी टोकाला जे दोन फाटे दिसतात त्या 'पुच्छशाखा' आणि त्यांवरचे राठ केस ते 'दृढरोम'. हे दोन्ही शब्द स्वच्छ आहेत.

त्यांनी विचारले नाही, पण फलकावर येणारच म्हणून आणखी एका शब्दाविषयी लिहितो. वर्तमानपत्रांत सध्या 'प्रजाती' हा शब्द स्पीशीज या अर्थाने सर्रास येतो. मराठी शास्त्रीय लेखनाची जुनी रीत वेगळी आहे: जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती किंवा वंश, आणि स्पीशीज म्हणजे जाती. मी या लेखात जुनी रीत पाळली आहे. इथे तिचा उपयोगही आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांत अकार्टिया, पॅराकॅलॅनस, ऑयथोना या प्रजाती नेहमी आढळतात, आणि थोड्या सरावाने शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही प्रजातीपर्यंत पोचता येते. सडपातळ अंग, पहिल्या शृंगिकेवर विरळ लांब केस आणि पुच्छशाखांवर पंख्यासारखे पसरलेले दृढरोम दिसले तर अकार्टियाचा विचार करावा. ऑयथोना आकाराने बारीक, अंगाने सायक्लोपॉइड.

जातीपर्यंत जायचे तर काम निराळे होते. तेव्हा पाचवा पाय पाहावा लागतो. नराचा डावा-उजवा पाचवा पाय पुष्कळदा सारखा नसतो. एकाला चिमटा, दुसऱ्याला काटे, आणि त्यांचा आकार जातीनुसार बदलतो. कारण नर त्याच पायांनी मादीला शुक्राणूंची पुडी चिकटवतो. हा पाय शरीरापासून सुईने सुटा करून ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा आणि मोठ्या भिंगाखाली त्याचे खंड, काटे, केस मोजायचे, असा हा उद्योग आहे. तज्ज्ञांनाही त्यात वेळ लागतो. म्हणून काचेवर काय दिसले ते लिहिताना मुलांना 'अकार्टिया, नर' किंवा 'ऑयथोना, अंड्यांच्या पिशव्यांसह मादी' इथेच थांबायला सांगा. फलकावर 'प्रजाती: अकार्टिया' लिहा आणि 'जाती' हा रकाना रिकामा ठेवा.